‘मुजोरी’ म्हणजे नेमकं काय? हा शब्द आला कुठून?

मूळ शब्द हिंदी-उर्दूतला ‘मुंहजोर’. मुंह म्हणजे तोंड, आणि ‘जोर’ फारसी. लगाम कितीही खेचा, तोंडाच्या जोरावर न जुमानणारा घोडा तो मुंहजोर. मराठीत त्याचा मुजोर झाला, आणि अशा वागण्याला मुजोरी.

नुसता उद्धटपणा वेगळा. मुजोरीत चूक स्वतःची असते आणि वर आवाजही स्वतःचाच चढलेला! परवा ठाणे स्टेशनबाहेर पावसात एका आजींना नौपाड्याला जायचं होतं. रिक्षावाला म्हणाला, “मीटर नाही, शंभर द्या.” किमान भाडं 26 रुपये आहे म्हटल्यावर, “मग चालत जा!” ही मुजोरी. सरसकट सगळ्या रिक्षावाल्यांना मात्र हा शब्द चिकटवू नका. मागच्याच रिक्षावाल्याने आजींची पिशवी उचलून घेतली आणि मीटर टाकला.