पोलीस ठाण्यातून फोटोसाठी बोलावलं तर नवा कॅमेरा घ्यावा का?

रामबागेत तुमचा लग्नाच्या फोटोंचा स्टुडिओ आहे, हल्ली टीआय साहेब (पोलीस ठाण्याचे प्रमुख) अधूनमधून घटनास्थळाचे फोटो काढायला बोलावतात, तर त्यासाठी लाखभराचा कॅमेरा घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत: आत्ता घेऊ नका. आहे तो पुरेसा आहे, बदलायची ती काम करायची पद्धत. हे फोटो जे न्यायाधीश पाहणार, ते त्या खोलीत कधी गेलेले नसतात, आणि प्रकरण उभं राहीपर्यंत वर्षं उलटलेली असतात. वस्तू कुठे होती आणि केवढी होती, हे त्यांना नुसत्या फोटोवरून कळलं पाहिजे. फाइलला मध्ये कुणी हात लावलेला नाही, हेही सिद्ध करता आलं पाहिजे.

सुरुवात बाहेरून करा. गल्ली, घराची पाटी, दार, मग उंबऱ्यातून आतलं दृश्य. त्यानंतर खोलीच्या चारही कोपऱ्यांतून, एका फोटोचा काठ दुसऱ्यात येईल असे. मग मधल्या अंतरावरून: सुरी पडली असेल तर सुरी आणि पलंगाचा पाय एकाच चौकटीत हवेत, नाहीतर पुढचा जवळचा फोटो कुठल्याही घरातला असू शकतो. शेवटी जवळून, आधी मोजपट्टीशिवाय आणि मग मोजपट्टी ठेवून. दोन्ही लागतात, कारण पट्टीखाली काही झाकलं गेलं का, हा प्रश्न बचावाचे वकील हमखास विचारतात. एखादी वस्तू आधीच कुणी हलवली असेल तर ती परत जागेवर मांडून फोटो काढू नका. आहे तशी टिपा आणि हलवल्याची नोंद पंचनाम्यात होते आहे ना, ते पाहा.

सगळ्यात जास्त फोटो बिघडतात ते बुटांच्या ठशांचे. आपल्या माळव्याची काळी माती ओली असली की ठसा फार सुंदर घेते. टाचेची झीज, तळव्यात रुतलेल्या खड्याची खाच, सगळं उमटतं, आणि तोच बूट ओळखायला नेमक्या याच खुणा लागतात. पण कॅमेऱ्यावरचा फ्लॅश समोरून मारला की ठसा सपाट, काळा दिसतो. ट्रायपॉड लावा, कॅमेरा बरोबर वरून, सेन्सर जमिनीला समांतर. जरा जरी तिरका राहिला तरी मापं चुकतात. फ्लॅश वायरने वेगळा करून जमिनीलगत धरा, म्हणजे प्रकाश आडवा येऊन प्रत्येक खाचेची सावली पडेल. मग कॅमेरा न हलवता फ्लॅश दुसऱ्या, तिसऱ्या बाजूला नेऊन पुन्हा. दिवसा ऊन असेल तर कुणाला तरी छत्री धरायला सांगा.

पट्टीबद्दल एक गोष्ट फार थोडे जण पाळतात. ती ठशाच्या तळाच्या पातळीला हवी. ठसा दोन सेंटिमीटर खोल आणि पट्टी वर जमिनीवर, तर पट्टी कॅमेऱ्याच्या जवळ येते आणि त्या मापाने मोठा केलेला ठसा खऱ्यापेक्षा लहान निघतो. म्हणून ठशाला धक्का न लावता, थोड्या अंतरावर माती खरवडून पट्टी खाली बसवा. ठशाचा साचा ओतायचा असेल तर हे सगळं झाल्यावरच.

आता कायदा. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. कलम 105 प्रमाणे झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं. कलम 176(3) मध्ये सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे. फोटोच्या प्रतीसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चा दाखला लागतो आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलवरून काढलेला आणि फाइल जराही बदलली की बदलणारा सांकेतिक आकडा, लिहायची असते. जुन्या कायद्यात हाच दाखला 65ब चा होता. तो टाळता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये जालन्याच्या निवडणुकीच्या वादात, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या निकालात स्पष्ट केलं. मूळ उपकरणच कोर्टात हजर केलं तर दाखला लागत नाही, पण तुम्ही कॅमेरा थोडाच देऊन टाकणार?

म्हणून प्रत्येक प्रकरणाला नवं मेमरी कार्ड वापरा, ते पंचांसमोर सीलबंद करून द्या आणि हॅश त्याच वेळी काढून घ्या. हललेला, काळा आलेला फोटोसुद्धा पुसू नका. क्रमांकात एक आकडा गाळला की उलटतपासणी तिथूनच सुरू होते. रॉ (कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) आणि जेपेग दोन्ही ठेवा, कॅमेऱ्याचं घड्याळ निघण्याआधी बरोबर करा. मोबाइलवर काढायची वेळ आलीच तर पोर्ट्रेट मोड, ब्युटी फिल्टर, सगळं बंद.

आणि कृपा करून व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवू नका, कुणीही मागितले तरी. तिथे फोटो दाबला जातो, हॅश बदलते, फाइलमधली तारीख-वेळेसारखी माहिती निघून जाते. त्याहून मोठी बाब म्हणजे त्या फोटोत कुणाची तरी मुलगी, कुणाची तरी आई असते. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 खाली स्वतंत्र गुन्हा आहे. स्टुडिओच्या कॉम्प्युटरवर, जिथे मदतनीस पोरं अल्बम बनवतात, तिथे या फाइली राहू देऊ नका.

पैसे घालायचेच असतील तर मजबूत ट्रायपॉड, मॅक्रो लेन्स, फ्लॅशची लांब वायर आणि एल आकाराची मोजपट्टी घ्या. इंदूरच्या प्रादेशिक फॉरेन्सिक प्रयोगशाळेची माणसं घटनास्थळी आली तर मात्र स्वतःच्या मनाने पुढे होऊ नका. कुठून पाऊल टाकायचं आणि आधी काय टिपायचं, ते त्यांना विचारून करा.