नानामीचं ७:३ तंत्र नेमकं कसं चालतं, आणि माहितोवर ते का चाललं नाही?

तुमचा प्रश्न 'जुजुत्सु काइसेन' या जपानी अ‍ॅनिमे मालिकेबद्दल असा आहे: नानामी पहिल्या श्रेणीचा जुजुत्सुकार (शापांशी, म्हणजे दुष्ट शक्तींच्या राक्षसांशी, लढणारा मांत्रिक), एका वारात शाप कापणारा, मग माणसासारख्या दिसणाऱ्या माहितो या शापापुढे तो इतका हतबल का दिसतो? हे लेखकाने ओढूनताणून केलंय का?

ओढूनताणून अजिबात नाही. नियम नीट पाहिले तर निकाल पहिल्याच लढतीत कळतो. ('जुजुत्सु काइसेन'चा दुसरा सीझन बघायचा राहिला असेल तर इथेच थांबा, पुढे सगळं फोडलंय.)

आधी तंत्र समजून घ्या. नानामी समोरच्याची लांबी मनात दहा भागांत वाटतो आणि सात भाग संपून तीन सुरू होतात त्या रेषेवर जबरदस्तीने एक कमजोर बिंदू तयार करतो. 'जबरदस्तीने' हा शब्द महत्त्वाचा. तो तिथे आधीपासून असलेली कमजोरी शोधत नाही, ती स्वतः निर्माण करतो. म्हणून आपल्यापेक्षा बलवान शत्रूलाही त्या जागी चांगलाच मार बसतो, आणि हलका शाप असेल तर बोथट हत्यारानेही सरळ दोन तुकडे होतात. त्याचं हत्यार मुद्दाम बोथट आहे: आपल्याकडच्या कोयत्याच्या जातीचं, ठिपक्यांच्या कापडात गुंडाळलेलं. धारेचं काम तंत्रच करतं.

लांबी म्हणजे फक्त डोक्यापासून पायापर्यंतची उंची, असा बऱ्याच जणांचा समज असतो. तसं नाही. डोकं, धड, दंड, कोपरापुढचा हात असा कुठलाही एक भाग सुटा धरता येतो. १८० सेंमी उंचीचा माणूस पूर्ण धरला तर रेषा १२६ सेंमीवर पडते. फक्त ३० सेंमीचा हात धरला तर २१ सेंमीवर. म्हणजे एकाच अंगावर वार करायला अनेक जागा मिळतात, आणि समोरचा एक जागा झाकून बसला तरी नानामी दुसरं माप घेऊ शकतो. निर्जीव वस्तूंनाही हेच लागू. भिंत, खांब, छत. त्यातूनच त्याची पुढची चाल येते: भिंत ७:३ वर फोडायची, पडणाऱ्या तुकड्यांत कर्स्ड एनर्जी (जुजुत्सुकार आणि शाप लढताना वापरतात ती शक्ती) भरायची आणि अख्खं बांधकाम शत्रूवर आणायचं. मालिकेच्या दहाव्या भागात माहितोला गाडून तो निसटतो ते असंच.

अडचण नेमकेपणाची आहे. वार रेषेवरच बसायला हवा. जरा इकडेतिकडे झाला की हातात उरतो तो फक्त एक बोथट कोयता. त्यामुळे तंत्र सोपं वाटलं तरी ते वापरणारा माणूस शांत डोक्याचा आणि हाताचा पक्का लागतो, आणि नानामी तसा आहेच.

मग तो शत्रूला हे सगळं सविस्तर सांगत का बसतो? नव्या प्रेक्षकांना हे हास्यास्पद वाटतं. पण या जगात आपलं तंत्र उघड करणं हा स्वतःवर घातलेला निर्बंध आहे, आणि निर्बंधाच्या बदल्यात ताकद वाढते. ओव्हरटाइमही त्याच हिशेबातला. ठरलेल्या कामाच्या वेळेत तो स्वतःची कर्स्ड एनर्जी दाबून ठेवतो आणि वेळ संपली की ती वाढून मिळते. माहितोला तो सांगतो की आज दहापासून काम करतोय, काहीही करून सहाला निघायचंय. हा विनोद आहे खरा, पण त्यात अटही आहे. ही ताकद फुकटची नाही, दिवसभर कमी ताकदीत लढून त्याने तिची किंमत आधीच मोजलेली असते. दुपारी मारेकरी गाठ पडला तर हा करार उलटा अंगाशी येऊ शकतो.

आता माहितो. त्याचं तंत्र हाताच्या स्पर्शाने आत्म्याचा आकार बदलतं, शरीर मागोमाग बदलतं. स्वतःच्या बाबतीतही तसंच: जोवर आत्म्याचा आकार शाबूत आहे तोवर शरीराला कितीही मार बसला तरी तो ते पुन्हा जुळवून घेतो. नानामीची रेषा पडते शरीराच्या लांबीवर. वार अचूक बसतो, शरीर फाटतंही, पण मूळ जागेला धक्काच लागत नाही. ओव्हरटाइमने वाराचा जोर वाढतो, वाराची जात बदलत नाही. नायक युजीचा ठोसा लागतो कारण अंगात सुकुना हा महाबलाढ्य शाप वागवत असल्याने त्याला आत्म्याची सीमा जाणवते. म्हणून तेराव्या भागातली वाटणी बरोबर आहे: नानामीने फटी पाडायच्या, युजीने मारायचं. आणि त्याच भागात माहितो डोमेन (शत्रूला कोंडणारा, आत वार हमखास लागणारा बंदिस्त अवकाश) उघडतो तेव्हा नानामीकडे उत्तर नसतं. स्वतःचं डोमेन उघडताना तो कधीच दिसत नाही. युजी बाहेरून आत घुसतो, त्यामुळे माहितोचा हात नकळत सुकुनाच्या आत्म्याला लागतो आणि सुकुना त्यालाच जखमी करतो, म्हणून नानामी वाचतो.

दहाव्या भागातला स्पर्श होऊनही तो का तगला, हेही विचारलं जातं. त्याने नकळत कर्स्ड एनर्जीने आत्मा झाकला होता. ही ढाल एनर्जी शिल्लक असेपर्यंतच.

टोकियोतल्या शिबुयाच्या मोठ्या लढाईत (कथेत ३१ ऑक्टोबर २०१८) नेमकी तीच संपलेली असते. आधी दागोन या शापाचं डोमेन, जिथे माशांसारखे शिकिगामी (मंत्राने बोलावलेले जीव) न चुकता येऊन आदळत राहतात. युजीचा सोबती मेगुमीने आपलं डोमेन उघडून ते बोथट केलं नसतं तर नानामी तिथेच संपला असता. मग जोगो हा आगीचा शाप त्याला जाळतो, अर्धं शरीर भाजून निघतं. त्या अवस्थेतही तो माहितोने विद्रूप केलेल्या माणसांमधून वाट काढत राहतो, डोक्यात मलेशियातलं क्वांतान आणि तिथला किनारा. माहितो छातीवर हात ठेवतो तेव्हा ढाल नाही, पुरेसा जोर नाही, आणि युजी पोचतो तो फक्त पाहायला. ४२व्या भागात ही लढत म्हणावी अशी लढत होतच नाही, म्हणून त्यावरून नानामीची ताकद मोजू नका.

ताकद मोजायची तर ब्लॅक फ्लॅश पाहा, म्हणजे ठोसा आणि कर्स्ड एनर्जी एकाच क्षणी आदळून बसणारा जबर वार. सलग चारचा विक्रम त्याचा, २४ डिसेंबर २०१७ चा. (युजीने पुढे हानामी या शापाविरुद्ध बरोबरी केली.) ब्लॅक फ्लॅशबद्दल सगळीकडे 'अडीचपट ताकद' लिहिलेलं सापडतं, ते चूक आहे. मूळ मजकुरात अडीच हा घात आहे, पट नाही. दहाचा अडीचावा घात ३१६ च्या आसपास जातो, अडीचपट म्हणजे फक्त २५. अर्थात एकक दिलेलं नसल्यामुळे गणित पुढे नेण्यात अर्थ नाही, पण फरक केवढा ते कळतं.

आणि ७:३ हेच का? जपानीत सातला 'नाना' म्हणतात, 'मी'चा एक अर्थ तीन, आणि त्याचा वाढदिवस ३ जुलै. जपानी लोक महिना आधी लिहितात, म्हणजे ७/३.