आई-बाबांना एकेक काम नेमून दे

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझी आई ब्लाउज द्यायला आली आणि दारातच रडू लागली. "पोरीचं बी.कॉम. होऊन दोन वर्षं झाली, ताई. आम्ही काय करावं तेच कळत नाही." मी तिला पाणी दिलं, चार शब्द बोलले. नीट उत्तर मात्र सुचलं नाही. ते आज तुला लिहितेय. तुझ्या आई-बाबांची तुझ्यासाठी काहीही करायची तयारी आहे, पण नेमकं काय करायचं हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. ते तुलाच सांगावं लागेल.

चोवीस वर्षं मी सातपूरच्या एका कारखान्यात माणसं नेमण्याच्या विभागात होते. मुलाखतीच्या दिवशी गेटपाशी उन्हात बसलेले आई-वडील मी शेकड्यांनी पाहिले. एकदा एक वडील मुलीबरोबर थेट आत आले. फाइल त्यांच्याच हातात होती. प्रश्न मुलीला विचारला की उत्तर त्यांचं यायचं. मुलगी हुशार होती, मार्कही चांगले होते, पण साहेबांनी पुढचं नाव पुकारलं. त्या बापानं दिवसाची मजुरी बुडवून मुलीला आणलं होतं. ती पाठमोरी जोडी मला अजून दिसते.

माझ्या मुलाच्या वेळी मीही तेच केलं. त्याचे अर्ज मी भरायचे, बायोडाटा मी पाठवायचे. एका ठिकाणाहून फोन आला तेव्हा ही कंपनी काय बनवते हेच त्याला माहीत नव्हतं. नोकरी गेलीच, वर त्याला वाटू लागलं की आपल्याला काही जमत नाही. दोष माझा होता. म्हणून तुला सांगते, अर्ज तूच भर, फोन तूच कर. आई-बाबांकडून दुसरं बरंच काही घेण्यासारखं आहे.

सगळ्यात आधी माग ती वेळ. तू "घरीच तर असतेस", म्हणून काजं-बटणं तुझ्याकडे, पाहुण्यांचा चहा तुझ्याकडे, भावाचा डबाही तुझ्याकडे. आईला दोष देत नाही. बारा तास मशीनवर पाय मारणाऱ्या बाईला हाताशी कुणीतरी लागतंच. पण सकाळी दहा ते एक तू कामावर गेली आहेस असं घरानं धरायचं, हे तिच्याशी बसून ठरव. त्या तीन तासांत मशीनचा धागा तुटला तरी तुला हाक नाही. बदल्यात संध्याकाळचा एक तास तिचा. भावाचा डबा त्याचा तो भरू दे. नोकरी नसलेल्या मुलाला निदान अभ्यासिकेत जाता येतं. मुलीचा दिवस मात्र घरच गिळून टाकतं, आणि वर्ष कुठे गेलं ते कुणालाच कळत नाही.

दुसरी गोष्ट मुदतीची. राज्यसेवा परीक्षेची वयोमर्यादा खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ वर्षं आहे. हात एवढा सैल असला की 'अजून एक प्रयत्न' असं म्हणत तिशी उलटते. त्या नादात बँकेच्या लिपिकाची खुल्या गटाची २८ ची मर्यादा कधी ओलांडली जाते ते कळतही नाही. स्पर्धा परीक्षा सोड असं मी म्हणत नाही. पण किती प्रयत्न आणि कोणत्या महिन्यापर्यंत, हे बाबांसमोर कागदावर लिही आणि खाली तिघांनी सही करा. मग रोज जेवताना "पुढे काय?" हा प्रश्न ताटात यायचा नाही. स्थळांचंही त्याच कागदात लिही. त्या मुदतीपर्यंत कांदेपोहे नाहीत. तुझे बाबा शब्दाचे पक्के आहेत, सही केली की पाळतील.

आता बाबांविषयी. एसटीत सव्वीस वर्षं वाहक असलेल्या माणसाची मुलगी "मला हिशेबाचा अनुभव नाही" म्हणते, याचं मला फार वाईट वाटतं. बाबा रोज डेपोत परतल्यावर काय करतात? किती तिकिटं दिली, किती रक्कम जमा व्हायला हवी आणि पिशवीत प्रत्यक्ष किती आहे, हे सगळं जुळवून मगच घरी येतात. तू कॉलेजात बँक ताळमेळ पत्रक पाठ केलंस, तो हाच व्यवहार. दोन बाजू समोर ठेवायच्या, फरक कुठे पडला ते शोधायचं आणि सापडेपर्यंत उठायचं नाही. बाबांना विचार, "हिशेब जुळला नाही तर तुम्ही आधी कुठे बघता?" हवं तर वहीत लिहून घे. मुलाखतीत तुला ताळमेळ विचारतील तेव्हा पुस्तकातली व्याख्या सांगून लगेच हे उदाहरण दे. समोरचा मान वर करून ऐकेल. असं बोलणारी मुलं मला फार थोडी भेटली, आणि त्यांची नावं मी बाजूला काढून ठेवायची.

आईच्या कामाचंही तसंच. तिची मापांची वही, राहिलेली उधारी, अस्तर आणि धाग्याचा खर्च हे सगळं मागच्या तीन महिन्यांचं एक्सेलमध्ये घाल. एका ब्लाउजमागे तिच्या हाती खरंच किती उरतं, ते काढून तिला दाखव. तिला शिलाईचा दर ठरवता येईल आणि तुला दाखवायला स्वतः केलेलं काम मिळेल. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या प्रमाणपत्रापेक्षा अशा एका फाइलवर माझा जास्त विश्वास बसायचा.

ओळखींचं बोलते. "वशिला लावणार नाही," असं तू बाणेदारपणे म्हणालीस, ते मला आवडलं. पण ओळख म्हणजे वशिला नव्हे. सिन्नर-नाशिक गाडीत रोज बसणारी किती माणसं बाबांना नावानं ओळखतात! मुसळगाव, अंबड, सातपूरचे कामगार, बाजारपेठेतले व्यापारी. बाबांनी कुणापुढे हात पसरायचा नाही. विचारायचं फक्त एवढंच, "तुमच्या हिशेबाचं काम कोण बघतं?" आठ-दहा जणांना विचारलं की दोन-तीन कर सल्लागारांची नावं पुन्हा पुन्हा येतील. ती नावं घरी आणली की बाबांचं काम संपलं. ऑफिसची पायरी तू चढायचीस, एकटीनं.

तिथे गेल्यावर "नोकरी आहे का?" असं विचारू नकोस. त्यांच्या महिन्याचं चक्र समजून घेऊन जा. ७ तारखेपर्यंत टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून ठेवलेला कर, भरायचा असतो. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्या व्यापाऱ्यांचं जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचा तपशील, ११ तारखेपर्यंत आणि जीएसटीआर-३बी, म्हणजे कराचा गोषवारा, २० तारखेपर्यंत जायला हवं. त्या दिवसांत तिथे बिलांचे गठ्ठे पडलेले असतात आणि माणसं कमी पडतात. "मी खरेदी-विक्रीची बिलं टॅलीत चढवून देते, मला विवरणपत्र कसं जुळवतात ते शिकवा," असं सांग. फुकट राबू नकोस. जाण्या-येण्याचा खर्च तरी माग, आणि चार महिन्यांनी पुन्हा बोलायचं असं पहिल्या दिवशीच ठरव. शासनाचे मार्गही बघून ठेव. २०२४ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना १०,००० रुपये विद्यावेतन ठरलं होतं. अशा ठिकाणी शिकायला मिळतं, पण ती कायमची नोकरी नसते, हे बाबांना आधीच सांगून ठेव, म्हणजे नंतर घरात निराशा होणार नाही.

मुलाखतीचा सराव आईबरोबर कर. तिला इंग्रजी येत नाही म्हणून तू हसलीस, ते मला खटकलं. तिला मराठीतच विचारू दे, "तू काय शिकलीस? आमच्या दुकानात तू काय करशील? पंधरा हजार मागतेस, ते कशाबद्दल?" रोज गिऱ्हाईकाशी घासाघीस करणारी बाई आहे ती. तुझी नजर कधी खाली गेली, उत्तर कुठे लांबलं, ते तिला बरोबर कळेल. जे मराठीत दोन वाक्यांत सांगता येत नाही, ते इंग्रजीतही अडतंच. सरकारी लिपिक-टंकलेखकाच्या जागेसाठी टायपिंग करत असशील तर घड्याळही तिच्याच हाती दे. मराठीला मिनिटाला ३० आणि इंग्रजीला ४० शब्द लागतात.

कागदपत्रांसाठी बाबांची एक रजा माग. अधिवास, जात, लागू असेल तर नॉन-क्रीमिलेअर, सगळ्यांच्या मुदती बघा. मुख्य म्हणजे नाव. गुणपत्रिकेवर आधी आडनाव, आधारवर शेवटी, आईच्या नावात एक अक्षर वेगळं, अशा बारीक गोष्टींवर ऐन पडताळणीत माणूस अडतो.

एक गोष्ट मात्र फार गंभीरपणे लिहितेय. बाबा पीएफमधून पैसे काढायचं बोलत होते, असं आईकडून कळलं. कुणीतरी 'आतून' नोकरी लावून देतो म्हणालंय. त्यांना माझं नाव घेऊन थांबव. जिथे खरंच माणूस हवा असतो, तिथे त्याच्याकडून अनामत मागत नाहीत. सही-शिक्क्याची खोटी नेमणूकपत्रं घेऊन आलेले बाप मी आमच्या गेटवर पाहिले आहेत. रखवालदाराला ते पत्र पुन्हा पुन्हा वाचायला सांगत होते. बाबांना पैसे लावायचेच असतील तर जीएसटी आणि टॅलीचा वर्ग लावू देत, तोही आधी दोन दिवस बसून बघितल्यावर.

नातेवाईक विचारतात तेव्हा आई गप्प होते, हे मला ठाऊक आहे. तिला एक वाक्य दे: "जीएसटीचं काम शिकतेय." ते खरं व्हायला फार दिवस लागणार नाहीत.

बाबांची सुट्टी गुरुवारी असते ना? रात्रीची भांडी आवरली की हे पत्र त्यांना मोठ्यानं वाचून दाखव आणि मुदतीचा कागद तिथेच लिहा. कर सल्लागाराकडे जायचं ते २१ तारखेनंतर, तेव्हा त्यांना बोलायला सवड असते. जाण्याआधी एक्सेलची फाइल घेऊन माझ्याकडे ये. आईच्या उधारीत माझेही दोनशे रुपये असतील, ते त्यात घातलेस का ते बघायचंय.

तुझी,
मावशी