हात कधी काढायचा

अनेक उत्तम आशीर्वाद.

लहान मुलांचा पोहण्याचा वर्ग सुरू करायचं ठरवलंस, आणि पहिलाच प्रश्न नेमका विचारलास: सुरुवात कितव्या महिन्यापासून करायची? आईबापही हेच विचारणार, तेव्हा उत्तर पक्कं असू दे. नवजात बाळाच्या तोंडावर पाणी आलं की श्वास आपोआप रोखला जातो आणि हातपाय हलतात. बघणाऱ्याला वाटतं, बाळ पोहतंय. ही उपजत प्रतिक्रिया आहे आणि सहाएक महिन्यांनी ती ओसरू लागते, म्हणून तिच्या भरवशावर काही उभारता येत नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटना वर्षानंतर धडे सुरू करायला अनुकूल आहे. वर्षाच्या आतल्या बाळांना शिकवल्यामुळे बुडण्याचा धोका कमी होतो, याला पुरावा नाही, असंही तीच म्हणते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात रीतसर धडे घेतलेल्या १ ते ४ वर्षांच्या मुलांत बुडण्याचा धोका ८८ टक्क्यांनी कमी दिसला. जाहिरातींत तुला हा आकडा सारखा भेटेल. अभ्यासातली मुलं थोडी होती, त्यामुळे खरा आकडा बराच मागेपुढे असू शकतो, हे मात्र जाहिरातीत नसतं. तू तो फलकावर लावू नकोस.

म्हणून वर्षाच्या आतलं बाळ आलं तर तो वर्ग आईबापांचा समज. बाळ कसं धरायचं, ते घेऊन पायऱ्या कशा उतरायच्या, ओलं अंग निसटतं तेव्हा पकड कुठे हवी, एवढंच शिकव.

पाण्यात घेण्याआधी फिट, हृदयाचा दोष, कानात बसवलेली नळी, अपुऱ्या दिवसांचा जन्म यांबद्दल विचार. यातलं काही असेल तर डॉक्टरांचं लेखी पत्र आल्याशिवाय धडा नाही. पाणी ३१ ते ३३ अंश सेल्सिअस ठेव. लहान बाळांना धड कुडकुडताही येत नाही, त्यामुळे थरथर दिसण्याची वाट बघू नकोस. ओठांचा रंग बदलला, कातडीवर जाळीसारखे डाग उठले, की बाहेर काढ. धडा दहा मिनिटांचा पुरे, पण रोज किंवा एक दिवसाआड. आठवड्यातून एकदा तासभर घेतलेलं मूल पुढच्या वेळी पुन्हा शून्यावर असतं.

आता मुख्य काम, उताणं तरंगणं. मुलाचं डोकं तुझ्या खांद्याजवळ घे. एक तळहात डोक्याच्या मागे, मानेच्या खळग्याच्या जरा वर, आणि दुसरा खांद्याच्या दोन पात्यांमध्ये. कान पाण्यात गेलेच पाहिजेत. पण कानात पाणी शिरलं की मूल आधी मान उचलतं, मान उचलली की कंबर मोडते, आणि मग ढुंगण आधी बुडतं, मागून बाकीचं मूल. लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानाने फार मोठं असतं. ते पाण्याने तोललं नाही, तर बाकीच्या अंगाला ते पेलत नाही. हनुवटी हाताने वर ढकलू नकोस, मूल उलट जोर लावतं. आपलं तोंड त्याच्या कपाळाच्या किंचित मागे, वरच्या बाजूला ने. ते तुझे डोळे शोधतं आणि मान आपोआप मागे जाते.

मग आधार काढायचा. पूर्ण तळहात, मग चार बोटं, मग दोन, मग एकाच बोटाचं टोक. यातली एक पायरी पक्की झाल्याशिवाय पुढची नाही. पाठीवरचा हात आधी सोड, डोक्याचा सगळ्यात शेवटी. हात एकदम बाजूला ओढलास तर पाणी हलतं आणि मूल दचकतं. दोन बोटं खाली उतरव आणि तिथेच ठेव. हात कधी सुटला हे मुलाला कळलं नाही, तर वेळ बरोबर साधली. आधी दोन सेकंद, मग पाच. वीस सेकंद शांत, पोट वर आणि श्वास चालू, एवढं जमेपर्यंत पालथं करायची घाई नको. बरेच नवे शिक्षक इथेच गडबडतात, कारण काठावर बसलेल्या आईबापांना बुडी बघायची असते.

पालथ्याचं उताणं होताना आधी डोकं वळतं, मागून खांदा, मग कंबर. सुरुवात कुशीवरून कर. तिथून उताणं होणं सोपं जातं. नंतर पालथं. मूल डोकं वळवण्याऐवजी सरळ वर उचलत असेल, तर दंडाला बांधायचे फुगे घरी वापरतात का, हे विचार. फुग्यांत मूल उभं लोंबकळतं, तोंड आपोआप पाण्याबाहेर राहतं, आणि पाण्यात असंच उभं राहायचं असतं हे त्याच्या अंगात भिनतं. फुगे काढले की त्याच उभ्या अवस्थेत ते बुडतं. फ्रँक पिया या न्यूयॉर्कच्या जीवरक्षकाने १९७०च्या दशकात बुडणाऱ्या माणसाचं जे वर्णन केलं, तेही हेच आहे: शरीर उभं, हात दोन्ही बाजूंनी पाणी दाबताहेत, तोंड पाण्याच्या वर-खाली, आणि हाक एकही नाही. सगळं मिळून २० ते ६० सेकंद. आईबाप आरडाओरडा ऐकू येईल म्हणून कान लावून बसतात, आणि तिथे आवाजच नसतो. बाळाच्या गळ्यात अडकवायची फुगीर कडी तर वर्गात येऊच देऊ नकोस. अपंगत्व किंवा विकासाची अडचण असलेल्या बाळांसाठी ती वापरू नका, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ मध्ये दिला आहे. माझ्या मते ती कोणत्याच बाळाला नको.

बुडी द्यायची वेळ येईल तेव्हा ठरलेला इशारा हवा, रोज तोच आणि त्याच सुरात. ‘एक, दोन, तीन’ म्हण. मुलाने श्वास आत घेतलेला दिसला तरच पाण्याखाली, तेही एखादा सेकंद. तोंडावर फुंकर मारून श्वास रोखायला लावणारे आहेत, पण दचकलेलं मूल कधी श्वास रोखतं, कधी खोल ओढतं, आणि पैज कशाला लावायची? रडणारं मूल बुडवायचं नाही, यात तडजोड नाही. हुंदक्यानंतर मोठा श्वास येतो, तो पाण्यात आला तर? काही ठिकाणी रडणं हा शिकण्याचाच भाग समजतात. मला ते पटत नाही.

पाणी नाकात गेलं की मूल खोकतं, ते लगेच कळतं. गिळलेलं पाणी दिसत नाही, आणि मला काळजी त्याची जास्त वाटते. लहान बाळाने भरपूर पाणी गिळलं तर रक्तातलं सोडियम उतरतं आणि फिट येऊ शकते. म्हणून बुड्या मोजायच्या, पहिल्या आठवड्यात धड्याला तीन-चारच्या वर नाहीत. पोट टम्म, सारखे ढेकर, उलटी, नेहमीपेक्षा सुस्त किंवा किरकिरं, असं काही दिसलं तर धडा तिथेच बंद. आईबापांनाही सांगून ठेव: घरी गेल्यावर सुस्ती वाढली, खोकला थांबेना, श्वास जोरात चालू लागला, तर झोपू द्यायचं नाही, दवाखान्यात न्यायचं.

शेवटच्या टप्प्यात रोजचे कपडे आणि बूट घालून हाच सराव घे. भिजलेला डायपर कंबर खाली ओढतो, त्यामुळे पोहण्याच्या कपड्यांत सुरेख तरंगणारं मूलही पहिल्यांदा गडबडतं. वर्षभरात उंची वाढते, तोल बदलतो, तेव्हा पुन्हा चार-सहा धडे लागतात.

आईबापांना एवढं स्पष्ट सांग की तरंगता येणारं मूलही बुडतं. पाण्याजवळ एका मोठ्या माणसाची पाळी, हाताच्या अंतरावर, फोनशिवाय. पाळी बदलताना ‘आता तू बघ’ असं तोंडाने म्हणायचं आणि समोरच्याने ‘बघतो’ म्हटल्याशिवाय हलायचं नाही. घरचा तलाव असेल तर चारही बाजूंनी निदान १.२ मीटरचं कुंपण आणि आपोआप मिटून कडी लागणारं दार. घराची भिंत ही चौथी बाजू धरायची नाही, कारण मूल घरातूनच बाहेर येतं. बादल्या आणि टब काम झाल्याबरोबर रिकामे, कारण रांगत्या बाळाला काही सेंटिमीटर पाणीही पुरतं.

बाळाचा सीपीआर, म्हणजे तोंडाने श्वास आणि छातीवर दाब देऊन जीव वाचवायचा उपचार, बाहुलीवर करून हात बसल्याशिवाय पहिला वर्ग घेऊ नकोस. बुडालेल्याला आधी हवा लागते, म्हणून सुरुवात श्वास देण्यापासून. बाळाचं तोंड आणि नाक दोन्ही आपल्या तोंडाने झाकायचं, छाती उचललेली दिसेल एवढीच फुंकर. मग छातीवर दाब, सुमारे ४ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०. एकटं असताना ३० दाबांमागे दोन श्वास. उलटं धरून पाणी काढायचं नाही, पोटही दाबायचं नाही.

आणि वर्ग संपला की पाण्यावर तरंगणारं एकही खेळणं मागे ठेवू नकोस. टॉवेल गुंडाळायच्या गडबडीत सगळ्यांची पाठ असते, आणि ते लाल बदक मुलाने मघाशीच बघून ठेवलेलं असतं.