मिक्सरमध्ये श्रीखंड सैल का पडतं?

प्रश्न : मी पाडव्याला आणि दसऱ्याला ऑर्डरीप्रमाणे श्रीखंड करून देते. यंदा वेळ वाचावा म्हणून चक्का पुरणयंत्राऐवजी मिक्सरमधून काढला, तर श्रीखंड वाटीत पसरलं. सासूबाई म्हणतात, चक्का नीट टांगला नसणार. पण तो रात्रभर टांगलेला होता. दाटपणा मोजायचं एखादं यंत्र घेऊ का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : चक्क्याचा दोष नाही, मिक्सरचा आहे. सासूबाईंना माझा हवाला द्या.

दुधात केसीन या प्रथिनाचे कण सुटे तरंगत असतात. इतके बारीक, की एका मिलिमीटरमध्ये पाचेक हजार ओळीनं मावतील. विरजण लागून दूध आंबत 4.6 पीएचच्या जवळ आलं की ते एकमेकांना धरतात आणि जाळं तयार होतं. टांगल्यावर निवळी गळते, जाळं दाट होतं, तोच चक्का. पुरणयंत्राच्या भोकांतून तो एकदा दाबून निघतो आणि सुटतो. मिक्सरचं पातं मात्र मिनिटाला हजारो फेऱ्यांनी तेच जाळं कापत राहतं, शिवाय भांडं तापतं ते वेगळंच. फ्रीजमध्ये ठेवल्यावर जाळं थोडंफार सांधतं, पण पहिल्यासारखं होत नाही. त्यात साखर विरघळते ती चक्क्यातल्याच पाण्यात, म्हणजे पातळ भाग आणखी वाढतो.

आता मोजण्याचं. वाटी कलती केली की मध हळूहळू का होईना, वाहतो. श्रीखंडाचं तसं नाही. ठरावीक जोर लागेपर्यंत ते जागचं हलत नाही, आणि एकदा हललं की ढवळाल तितकं सैल होत जातं. तो जोर पास्कलमध्ये सांगतात. 100 ग्रॅम वजन एक चौरस मीटरवर सारखं पसरलं, तर त्याचा दाब जेमतेम 1 पास्कल.

मी 28 वर्षं अन्नतंत्र शिकवलं. आमच्याकडे रिओमीटर आला तेव्हा मी मोठ्या उत्साहानं चक्का दोन गुळगुळीत स्टीलच्या तबकड्यांमध्ये घातला. वरची तबकडी फिरवायला किती पीळ लागतो, ते यंत्र सांगतं. आकडा इतका कमी आला, की चक्का करून आणणाऱ्या विद्यार्थ्याला मी चांगलंच बोलले. चूक माझीच होती. तबकडीलगत निवळीचा पातळ थर सुटतो, तबकडी त्यावरून घसरते आणि चक्का मधे तसाच बसून राहतो. मी चक्का मोजतच नव्हते, निसरडेपणा मोजत होते! खरखरीत तबकड्या लावल्या आणि घातलेल्या चक्क्याला दहा मिनिटं स्वस्थ बसू दिलं (घालतानाही जाळं मोडतंच), तेव्हा आकडे ताळ्यावर आले. पुढे आम्ही तबकडी फिरवण्याऐवजी किंचित मागेपुढे हलवायला लागलो. त्यानं जाळं तुटत नाही, आणि पदार्थ स्प्रिंगसारखा किती वागतो नि पातळासारखा किती, हे दोन्ही कळतं.

तुम्हाला एवढ्याची गरज नाही. सपाट ताटावर ओली मलमल घट्ट ताणून बांधा. कापड घसरू नये म्हणून आहे, ते विसरू नका. त्यावर श्रीखंडाचा 1 सेंटिमीटर जाड थर द्या आणि ताट भिंतीला टेकवून सरळ उभं करा. थर ओघळला नाही, तर तुमचं श्रीखंड साधारण 100 पास्कल पेलतंय. 2 सेंटिमीटरचा थर टिकला तर 200. घनता, गुरुत्वाकर्षण आणि जाडी यांचा गुणाकार, बाकी काही नाही. पुरणयंत्राचं आणि मिक्सरचं, दोन्ही श्रीखंडं एकाच चक्क्याची, तेवढ्याच साखरेची आणि फ्रीजमधून नुकतीच काढलेली हवीत. गार श्रीखंडातला स्निग्धांश घट्ट असतो; ओट्यावर अर्धा तास राहिलेल्याशी त्याची तुलना करून काही हाती लागणार नाही.

कांडी फिरवून दाटपणा सांगणारं स्वस्तातलं यंत्र विकायला कोणी आलं, तर घेऊ नका. तेलाला, सरबताला ते ठीक आहे. श्रीखंडात ती कांडी स्वतःभोवती खळगा करते आणि त्यातच गरगरत राहते. पैसे बाजूला पडलेच असतील, तर ऑर्डरींसाठी दुसरा फ्रीज घ्या.