लिनक्स ड्रायव्हरमधील इंटरप्टने सस्पेंडमधील यंत्रणा जागी का होत नाही?

इंटरप्ट (उपकरणाने प्रोसेसरला दिलेला इशारा) पाठवणारे तुमचे बटण एरवी चालते, पण सस्पेंडनंतर, म्हणजे यंत्रणा झोपवल्यावर, ते दाबूनही यंत्रणा जागी होत नाही, याचे कारण बहुधा असे की इंटरप्ट नोंदवणे आणि त्याला जागे करण्याचा अधिकार देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रोबमध्ये (ड्रायव्हर उपकरण सुरू करतो त्या फंक्शनमध्ये) ‘डिव्हाइस_इनिट_वेकअप’ कॉल करावे, सस्पेंडमध्ये ‘डिव्हाइस_मे_वेकअप’ने परवानगी तपासून मगच ‘एनेबल_आयआरक्यू_वेक’ वापरावे, आणि रिझ्यूममध्ये (जागे होताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) ‘डिसेबल_आयआरक्यू_वेक’ न चुकता करावे, कारण कर्नल (लिनक्सचा गाभा) या कॉलची मोजणी ठेवतो, म्हणून दोन्ही जोडीनेच व्हायला हवेत.

माझ्या अनुभवात सर्वाधिक वेळ मात्र दुसरीकडेच जातो: वीज वाचवण्याच्या भरात ड्रायव्हर स्वतःच इंटरप्ट देणाऱ्या चिपचा रेग्युलेटर (वीजपुरवठा) किंवा क्लॉक (तिला चालवणारे ठोके) बंद करतो, आणि मग इंटरप्ट उठवायला कोणी उरतच नाही. जागे करण्याची परवानगी असेल तेव्हा तेवढा पुरवठा चालू ठेवलाच पाहिजे. इंटरप्टसाठी निवडलेली पिन सस्पेंडमध्येही चालू राहणाऱ्या पॉवर डोमेनमध्ये (एकत्र वीज मिळणाऱ्या भागात) आहे का, हेही चिपच्या डेटाशीटमध्ये पाहावे. नसेल तर कोड कितीही नेमका असला तरी उपयोग नाही.

बटणाऐवजी यूएआरटीवरून (सिरियल पोर्टवरून) जागे करत असाल, तर क्लॉक स्थिर होईपर्यंत पहिला बाइट हरवू शकतो, म्हणून समोरच्या बाजूने आधी एक बिनमहत्त्वाचा बाइट पाठवून थोडे थांबणे मला सुरक्षित वाटते.