बाळंतपणानंतर मशेरीची तलफ आली तर

बाय, गरोदरपणात मशेरीला हात लावला नाहीस, हे मोठं काम तू आधीच केलंयस. बऱ्याचजणींचा पाय घसरतो तो बाळंतपणानंतर. आता बाळ पोटात नाही ना, असं वाटतं. पण मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, तिच्यातलं निकोटिन दुधात उतरतं. चुकून लावलीच, तरी अंगावर पाजणं मात्र थांबवू नकोस.

सुरुवातीला एवढंच सांभाळ:

- सकाळ. रात्रभर जागल्यावर तलफ तेव्हाच येते. उठल्याउठल्या ब्रश कर, गरम पेज पी, बाळाला घेऊन पडवीत फिर. काही मिनिटांत ती ओसरते.
- मशेरीचा डबा घरात नको. माहेरी आई, काकू लावत असतील तर स्पष्ट सांग, माझ्यासमोर नको. सांगणं जड जातं, तरी सांगच.
- मुंबईहून कुणी व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, आणलं तर घेऊ नकोस. त्यातही बहुधा निकोटिनच असतं, आणि भारतात २०१९ पासून त्याच्या विक्रीवर बंदी आहे.

विडी ओढणाऱ्याला खोलीबाहेर नव्हे, घराबाहेर पाठव.

एकदा घसरलीस तर सगळं गेलं असं समजू नकोस, त्याच दिवशी परत थांब. १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडवणारी सरकारी हेल्पलाइन फुकट आहे. तंबाखू सोडायला निकोटिनचं च्युइंगम मिळतं, पण त्याचं नंतर, डॉक्टरांना विचारून. मन सारखं उदास राहत असेल तर आशाताईंना आजच सांग.